ताऱ्याच्या प्रकाशातून ग्रहांच्या वातावरणाचा वेध

व्याख्या
एखादा ग्रह किंवा उपग्रह दूरच्या ताऱ्यासमोरून सरकताना ताऱ्याला झाकतो, त्या घटनेला तारकापिधान म्हणतात. चंद्राला दखल घेण्याजोगे वातावरण नसल्याने त्याच्यामागे तारा क्षणात नाहीसा होतो. वातावरण असलेल्या ग्रहामागे तो क्रमाक्रमाने मंदावतो.

कार्यपद्धती
वातावरण उंचीनुसार विरळ होते, त्यामुळे खालच्या थरांतून जाणारे किरण अधिक वाकतात. किरण असे फाकल्याने पृथ्वीवर पोहोचणारा प्रकाश घटतो. या घटीच्या आलेखावरून प्रत्येक उंचीवरची वायूची घनता काढतात. घनतेवरून वरच्या थरांच्या भाराचा, म्हणजे दाबाचा हिशेब होतो. दाब व घनता मिळाली की तापमान समजते.

भारतातील वेध
युरेनसचे वातावरण अभ्यासण्यासाठी 10 मार्च 1977 रोजी अनेक ठिकाणांहून पिधान टिपले गेले. त्यातून ग्रहाभोवतीची कडी उघडकीस आली. तमिळनाडूतील कवलूर येथून जे. सी. भट्टाचार्य यांनीही ताऱ्याचे अनपेक्षित झाकोळणे नोंदले. 6 जून 2020 रोजी उत्तराखंडातील देवस्थळच्या 3.6 मीटर दुर्बिणीतून प्लूटोचे पिधान पाहिले गेले. त्यावरून प्लूटोच्या पृष्ठभागावरील दाब सुमारे 12 मायक्रोबार ठरला. पृथ्वीवरील समुद्रसपाटीच्या दाबाचा तो जेमतेम 80 हजारावा भाग आहे.

स्थानाचे महत्त्व
तारा अतिदूर असल्याने पिधानाची छाया जवळपास ग्रहाच्या व्यासाइतकीच रुंद असते. प्लूटोचा व्यास सुमारे 2,377 किलोमीटर, तर देवस्थळ ते पश्चिम महाराष्ट्रातील ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) हे सरळ अंतर सुमारे 1,500 किलोमीटर आहे. म्हणून एकच छाया दोन्ही ठिकाणांवरून जाऊ शकते. मात्र प्रत्येक ठिकाणाहून तारा ग्रहबिंबामागून वेगळ्या रेषेत सरकताना दिसतो. अशा अनेक रेषांच्या नोंदी जुळल्या, की ग्रहाच्या दोन बाजूंचे वातावरण ताडून पाहता येते. पावसाळ्यात पश्चिम महाराष्ट्राचे आकाश ढगाळ असते. विखुरलेली केंद्रे असल्यास एका जागचे ढग संपूर्ण वेध वाया घालवत नाहीत. झाकला जाणारा तारा मंद असेल, तर दुर्बीण मोठी लागते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची जुन्नर परिसरातील गिरवली येथील दुर्बीण 2 मीटर व्यासाची आहे.

अवकाशयानांतील उपयोग
यानावरील वर्णपटमापक ताऱ्याचा अतिनील प्रकाश तपासतो. कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषला गेला, यावरून वायू ओळखता येतो. मार्स एक्स्प्रेसने मंगळावरील ओझोनचे उंचीनुसार प्रमाण याच रीतीने मोजले.

मर्यादा
पिधाने क्वचित घडतात आणि तापमान काढण्यासाठी वायूचे संघटन आधी ठाऊक असावे लागते. 7 जून 1972 च्या पिधानात कवलूर व जावा बेटावरील नोंदींवरून गुरूच्या गॅनिमीड या उपग्रहाला वातावरण असल्याचा निष्कर्ष निघाला होता. 1979 मध्ये व्हॉयेजर-1 ने अतिनील ताराप्रकाशातून केलेल्या मोजणीने ते त्या अंदाजापेक्षा कितीतरी विरळ असल्याचे दाखवले. म्हणून किरणांच्या वाकण्यावरून मिळालेली घनता व शोषणातून कळलेले संघटन एकमेकांशी जुळले, तर वातावरणाचे चित्र अधिक भरवशाचे ठरते.