जेथे हात, तेथे स्वच्छता

कुडाळनजीकचे पिंगुळी हे गाव ठाकर समाजाच्या चित्रकथीसाठी व कळसूत्री बाहुल्यांसाठी प्रसिद्ध आहे. या कलेच्या जतनाबद्दल श्री. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये 'पद्मश्री' किताबाने गौरविण्यात आले. या खेळात बाहुली नाचताना दिसते. तिला नाचविणारा हात मात्र दिसत नाही. रुग्णालयातील जंतुसंसर्गाचेही काहीसे असेच आहे. जखम चिघळलेली दिसते, चढलेला ताप कळतो. परंतु तेथवर जंतू पोहोचविणारा हात सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

पिंगुळीचा रुग्ण कुडाळ वा ओरोस येथे दाखल झाला, की घरची माणसे सोबत येतात. कोणी खाटेच्या कठड्याला धरून वाकते, कोणी सलाईनची दांडी सरकविते आणि त्याच हाताने शेजारच्या रुग्णाला पाणी देते. दाराची मूठ, विजेचे बटण, नळाची तोटी, स्ट्रेचरचा दांडा व भ्रमणध्वनी ही सर्व जंतूंच्या अदलाबदलीची ठिकाणे होत. जखमांमध्ये पू निर्माण करणारा 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' हा जीवाणू कोरड्या पृष्ठभागावर अनेक आठवडे, कधी काही महिनेही जिवंत राहू शकतो. फरशी लखलखीत असली, तरी कठडा स्वच्छ असेलच असे नाही.

हातांच्या स्वच्छतेचे महत्त्व व्हिएन्ना येथील डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच दाखवून दिले. शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुण्यास लावले. एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेले बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण उन्हाळ्यात शेकडा दोनच्या आसपास आले.

स्वच्छतेची योग्य रीत

पृष्ठभाग प्रथम साबणाच्या पाण्याने पुसावा, कारण मळ व रक्त यांमुळे क्लोरीनचा प्रभाव कमी होतो. त्यानंतर सोडियम हायपोक्लोराइटचे ताजे द्रावण योग्य प्रमाणात लावून ठरावीक वेळ ओले राहू द्यावे. लावताच पुसल्यास जंतू मरत नाहीत. एका खाटेचे फडके दुसऱ्या खाटेस वापरू नये. हे द्रावण आम्लयुक्त द्रवात कदापि मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

आपल्या घरोघरी परिचित असलेल्या पितळेचाही येथे उल्लेख करावयास हवा. १९८३ मध्ये अमेरिकेतील एका रुग्णालयात असे आढळले, की पितळेवरील जीवाणू काही तासांत नष्ट झाले, तर पोलादावर ते काही आठवडे टिकले. पितळेतील तांब्याचा हा गुण होय. तथापि, धातू कोणताही असो, पुसणे टळत नाही.

नागरिकांचा वाटा

केंद्र शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'कायाकल्प' उपक्रमात सार्वजनिक रुग्णालयांची स्वच्छता व संसर्ग-प्रतिबंध यांचे मूल्यमापन होते. परंतु सफाई कर्मचाऱ्याने सकाळी पुसलेला कठडा दिवसभरात अनेक हातांनी पुन्हा दूषित होतो. म्हणूनच भेटीस येणाऱ्यांनी मोजकेच यावे, रुग्णाच्या खाटेवर बसू नये आणि कक्षात येताना व जाताना साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवावेत. रुग्णासाठी नेलेल्या शहाळ्याइतकेच स्वच्छ हातही त्याच्या उपयोगी पडतात, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे.