नाडी कुत्र्याची, चौकशी घराची

पेशंट टेबलावर चढला की मी आधी त्याच्या माणसांची चौकशी करते. घर स्वतःचं की भाड्याचं? दिवसा घरी कोण असतं? पैसे कुणाच्या हातात? चिंचवडला दवाखाना टाकला तेव्हा बाई भोचक आहे असा बोलबाला झाला. पण रक्ताचा रिपोर्ट यायच्या आत निम्मं निदान इथेच होतं.

भाडेकरूंचं कुत्रं तर ११ महिन्यांच्या करारावर जगतं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकानुसार सोसायटीला बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. हे परिपत्रक मी फ्रेम करून लावलंय. पण ते सोसायटीच्या कमिटीला दाखवायला. करार पुढे वाढवायचा की नाही हे घरमालकाच्याच हातात. मग जूनच्या आसपास फोन येतात, ‘मॅडम, कुणाला हवाय का? फार गुणी आहे.’ काही जण फोनही करत नाहीत, हायवेला सोडून येतात. उपाशी मरेल अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये! डिपॉझिटपुढे ५० रुपयांना कोण भितो?

पार्व्होचं वेगळं. लस चुकलेलं पिल्लू, उलट्या, रक्ताची हगवण. रोज सलाइन लावलं तर वाचण्याची आशा, तेही चार-पाच दिवस. कंत्राटी कामगाराला इतके खाडे परवडत नाहीत. पहिल्या सलाइनने पिल्लू मान उचलतं आणि दुसऱ्या दिवशी माणूस येत नाही. ‘जीव लावता येत नाही तर पाळता कशाला?’ असं वेटिंगमधल्या एखाद्या ताई ऐकवतात तेव्हा मला राग येतो. बारा तासांची ड्युटी करून तो आठला सुटतो, म्हणून मी रात्री साडेदहापर्यंत बसते. दवाखाना बंद असला की लोक घरातली तापाची गोळी देतात. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

पैसा असला की सगळं सुटतं असंही नाही. चौदाव्या मजल्यावरचा हस्की घ्या. नवरा-बायको दोघंही हिंजवडीला, कुत्रा दिवसभर एकटा. पुढचा पंजा चाटून चाटून त्याने सोलून काढलेला. त्याला मलमापेक्षा सोबत हवी. वस्तीतल्या मोत्याभोवती पोरांचा गराडा असतो, कंटाळा त्याला ठाऊक नाही. अंगावर गोचिडी मात्र मूठभर.

बायकांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. नसबंदी न केलेल्या कुत्रीला माजानंतर महिना-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो. ती खाणं सोडते, घटाघटा पाणी पिते. हे पहिल्यांदा दिसतं घरातल्या बाईलाच, कारण पाण्याचं भांडं तीच भरते. ऑपरेशन लगेच हवं, असं सांगितलं की ती म्हणते, ‘ह्यांना विचारून येते.’ ह्यांचा होकार येईस्तोवर विष रक्तात भिनतं. नसबंदीने हे टळतं, पण तेव्हा सासूबाई म्हणालेल्या असतात, ‘एकदा तरी पिल्लं होऊ दे तिला.’

आणि आमच्या आजी. मुलगा अमेरिकेत, आईला सोबत म्हणून त्याने लॅब्राडोर घेऊन दिला. गुडघे आजींचे दुखतात, वजन कुत्र्याचं वाढतं. दोघांनाही जिना नको. शिवाय रोज पोळी-तूप, कारण घरात आग्रह करायला दुसरं आहे कोण? डाएटचा कागद मी एकदा देऊन पाहिला, तो देव्हाऱ्याच्या खणात गेला. शेवटी शेजारचा कॉलेजचा मुलगा त्याला फिरवायला ठरवला, महिन्याचे पैसे मुलगा तिकडून पाठवतो. आता फिरून आल्यावर पोळी-तूप त्या पोरालाही मिळतं. कुत्र्याचं तीन किलो उतरलंय.