एका पिंजऱ्यातले दोन उंदीर

जुळ्या बहिणी, पण एक सडपातळ, दुसरी स्थूल. अशा चार जोड्यांच्या विष्ठेतले जिवाणू अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या पोटात सोडले. उंदीरही खास होते. जंतुविरहित कक्षात जन्मलेले, तिथेच वाढलेले. त्यांच्या आतड्यात एकही जिवाणू नव्हता. पुढे दोन्ही गटांचे खाणे सारखेच असूनही, स्थूल बहिणींचे जिवाणू मिळालेल्या उंदरांच्या अंगावर जास्त चरबी चढली.

जिवाणू चरबी वाढवतात, हे याच प्रयोगशाळेने २००४ मध्ये दाखवले होते. जंतुविरहित उंदरांना साध्या उंदरांचे जिवाणू दिले, तर चौदा दिवसांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, आणि तीही आधीपेक्षा कमी खाऊन! न पचणारे तंतू जिवाणू आंबवतात, त्यातून तयार होणारी छोटी मेदाम्ले उंदराला जादा ऊर्जा देतात, असा त्याचा एक उलगडा. पण एवढ्यावर भागत नाही. जुळ्यांच्या प्रयोगात ही आम्ले सडपातळ बहिणींच्या जिवाणूंनीच अधिक बनवली, तरी त्यांचे उंदीर बारीकच राहिले. म्हणजे निव्वळ उष्मांकांचा हिशेब पुरत नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या याच अभ्यासाचा पुढचा भाग. दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे जिवाणूंची देवाणघेवाण आपोआप झाली. सडपातळांकडचे जिवाणू, मुख्यतः बॅक्टेरॉइड्स गटातले, स्थूलांच्या आतड्यात जाऊन रुजले आणि त्या उंदरांची चरबी वाढायची थांबली. उलट दिशेने मात्र काही रुजले नाही.

मग खाद्य बदलले. फळे-भाज्या भरपूर आणि संपृक्त मेद कमी, अशा खाद्यावर हे पाहुणे टिकले. अमेरिकी आहाराच्या धर्तीवर मेद वाढवून फळे-भाज्या कमी केल्या, तेव्हा त्यांना शिरकावच मिळाला नाही. जिवाणू तेच, पिंजरा तसाच. फरक फक्त खाद्याचा.

म्हणून जिवाणूंच्या कॅप्सूलने वजन उतरवण्याच्या जाहिरातींवर भुलू नका. माणूस उंदीर नाही. २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये चयापचय बिघडलेल्या स्थूल पुरुषांना सडपातळ दात्यांचे जिवाणू दिले गेले. सहा आठवड्यांनी त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला होता. वजन मात्र घटले नव्हते.