मेंढी गाडीत, मेथी गोणपाटावर

चौकटीबाहेरचं नाहूर

मुंबईचा फोटो म्हटला की गेटवे, मरीन ड्राइव्ह, नाहीतर पावसात तुंबलेलं हिंदमाता. अरब देशांचा म्हटला की वाळवंट, काचेचे टॉवर आणि बाँबने पडलेल्या इमारती. कैरोतल्या आईने आज मुलाच्या डब्यात काय भरलं, हे त्यात कुठेच दिसत नाही. भांडुप-मुलुंडच्या मधल्या आमच्या नाहूरचंही तसंच. इथे स्टेशनच आलं २००६ साली. कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, पण त्या बदलातली माणसं फारशी कुणी टिपली नाहीत.

तिकडे काय घडलं

अशी चौकट मोडायचा एक प्रयत्न आफ्रिकेत झाला. २०१२ साली छायाचित्रकार पीटर डिकॅम्पो आणि पत्रकार ऑस्टिन मेरिल हे दोघे कामासाठी आयव्हरी कोस्टमध्ये होते. संघर्षाच्या बातमीबरोबरच ते आसपासचं साधं जगणं फोनवर टिपू लागले आणि त्यातून ‘एव्हरीडे आफ्रिका’ हे रोजच्या जगण्याच्या फोटोंचं काम उभं राहिलं. ‘एव्हरीडे मिडल ईस्ट’ आणि आपलं ‘एव्हरीडे मुंबई’ त्याच वाटेने आले. त्याआधीच, २००९ मध्ये, मध्यपूर्वेतल्या काही स्त्री छायाचित्रकारांनी ‘राविया’ हा गट काढला होता. राविया म्हणजे गोष्ट सांगणारी.

या गटातल्या तान्या हबजूका यांची पॅलेस्टाइनवरची ‘ऑक्युपाइड प्लेझर्स’ ही मालिका मला फार मोलाची वाटते. तिच्यातल्या एका फोटोत एक तरुण गाडीत बसून सिगारेट ओढतोय आणि शेजारच्या सीटवर मेंढी आहे. नुसतं पाहिलं तर गंमत वाटते. खालची ओळ वाचली की कळतं, रमजानची शेवटची संध्याकाळ आहे, कलंदियाच्या तपासणी नाक्यावरची गर्दी आत्ता कुठे सुटली आहे आणि मेंढी ईदसाठी घरी चालली आहे. त्या ओळीनंतर हाच फोटो वेगळा दिसतो.

आधी विचारा

इजिप्तने २०२२ मध्ये सार्वजनिक जागी हौशी फोटोग्राफीला परवान्याविना मुभा दिली. मात्र नागरिकांचे फोटो काढायला त्यांची लेखी संमती लागते आणि देशाची प्रतिमा मलिन करणारे फोटो चालत नाहीत. पहिली अट मला पटते, दुसरी नाही. प्रतिमा मलिन होते की नाही, हे सरकारने ठरवलं तर मेंढीचा फोटोही अडकेल.

आपल्याकडे लेखी नको, पण तोंडी तरी विचारावंच. स्टेशनबाहेर भाजी लावणाऱ्या मावशींना मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “थांबा, आधी मेथीवर पाणी मारते.” ओल्या गोणपाटावर जुड्या उभ्या केल्या, पदर खोचला, मग माझ्याकडे पाहिलं. विचारलं की फोटो कृत्रिम होतो म्हणतात, पण त्यांना स्वतःचं काम कसं दिसायला हवं होतं ते मला विचारल्यामुळेच कळलं.

पुन्हा पुन्हा जा

छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं काम आणि घर दोन्ही टिपलं. त्यांच्यात सतत वावरल्याशिवाय तसे फोटो मिळत नाहीत. एका रविवारी कॅमेरा घेऊन फिरून येणं पुरत नाही. तोच कोपरा पावसाळ्यात, परीक्षेच्या दिवसांत, गणपतीच्या आदल्या रात्री बघायचा.

मागे लिहा

फोनमधले हजारो फोटो दहा वर्षांनी मुके होतात, कारण जागा, वार, वेळ, भाव कुणी लिहिलेलं नसतं. मी निवडक फोटोंच्या प्रती काढतो आणि मागे पेन्सिलने नोंद करतो. मावशींच्या फोटोमागे आहे: नाहूर पश्चिम, मंगळवार, सकाळी पावणेसात. मेथी वीस रुपये जुडी. पाणी त्यांनी घरून बाटलीत आणलं होतं.