खाडीकाठचे वाग्गेयकार

युरोपीय संगीतात रचनाकाराने लिहून ठेवलेली संहिता हाच कृतीचा अखेरचा दस्तऐवज मानला जातो आणि वादकाने तिच्याशी इमान राखावे अशी तेथील रीत आहे. आपल्याकडे मात्र बंदिशीचा कर्ता स्थायी आणि अंतरा यांच्या मोजक्या ओळींत रागाचे बीज ठेवून त्याचा विस्तार गाणाऱ्याच्या प्रतिभेवर सोपवितो व स्वतः दृष्टीआड होतो. त्यामुळे गायकांची चरित्रे विपुल आणि वाग्गेयकारांची, म्हणजे बंदिशकर्त्यांची, विरळ, अशी आपल्या संगीतेतिहासाची अवस्था झाली आहे.

या विधानाचा प्रत्यय घ्यावयाचा तर पं. गजाननबुवा जोशी (१९११-१९८७) यांच्याकडे पाहावे. पिता अंतूबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि औंध संस्थानचे दरबारगायक. त्यांच्याकडून ग्वाल्हेरची तालीम, पुढे रामकृष्णबुवा वझ्यांची विद्या, विलायत हुसेन खाँसाहेबांकडून आग्र्याची लयदृष्टी व भूर्जी खाँसाहेबांकडून जयपूरचे अनवट राग, असा चौफेर ऐवज ज्यांनी संपादिला, आणि गायनाच्या जोडीने व्हायोलिनवरही ज्यांनी तितकेच प्रभुत्व मिळविले, ते बुवा उत्तरायुष्यात खाडीकाठी येऊन डोंबिवलीकर झाले. मुखडा समेवर किती वजनाने उतरावा, कोणते अक्षर कोणत्या स्वरावर विसावावे, याचा निवाडा करण्याचा अधिकार अशा बहुश्रुत पुरुषाखेरीज कोणाला असणार! त्यांनी बंदिशी बांधल्या. तरीही वादक, गायक आणि कठोर गुरू म्हणून त्यांची जी कीर्ती झाली, तिच्या मानाने रचनाकार म्हणून त्यांची दखल फारच अल्प घेतली गेली, याची मला मनापासून खंत वाटते.

ठाण्याच्या पं. राम मराठे (१९२४-१९८९) यांचे भाग्य या बाबतीत निराळे, कारण त्यांच्या रचनेला रंगभूमीचा आश्रय लाभला. 'गोपालकृष्ण' (१९३८) या प्रभातच्या चित्रपटातील हा बालनट पुढे मास्तर कृष्णराव, मिराशीबुवा आणि 'गुणीदास' जगन्नाथबुवा पुरोहित अशा गुरुजनांपाशी घडला. जोगकंस हा जगन्नाथबुवांचाच राग. तेव्हा नवनिर्मितीचा संस्कार रामभाऊंना तालमीतच मिळाला, असे म्हणण्यास हरकत नाही. विद्याधर गोखल्यांच्या 'मंदारमाला' (१९६३) या नाटकाला त्यांनी दिलेल्या संगीतात अहीरभैरवासारख्या गंभीर प्रकृतीच्या रागाचे रूप यत्किंचितही पातळ न होता ते नाट्यगृहातील शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते, आणि प्रसाद सावकारांसह त्यांनी गायिलेल्या जुगलबंदीत तर ख्यालाच्या मैफलीचा आवेश सगळाच्या सगळा आला आहे. नाट्यपदाची चाल ही दुय्यम दर्जाची रचना होय, असे मानणाऱ्या पंडितांनी या नाटकातील पदे एकदा तानपुरा जुळवून गाऊन पाहावीत. ठाणे महानगरपालिका रामभाऊंच्या स्मरणार्थ संगीत समारोह भरविते, हे उचितच आहे.

याच खाडीकाठच्या कल्याणात १९२६ पासून गायन समाज नांदतो आणि देवगंधर्व भास्करबुवा बखल्यांच्या नावाने महोत्सव करतो. असा जाणता श्रोतृवर्ग जवळ असल्यावाचून रचनाकाराला बळ येत नाही. गजाननबुवांच्या विद्येचा प्रवाहही आटलेला नाही. त्यांचे शिष्य उल्हास कशाळकर यांनी ती विद्या मैफलीतून देशभर नेली, तर उल्हासरावांचे बंधू अरुण कशाळकर 'रसदास' या मुद्रेने स्वतःच्या बंदिशी बांधीत आले आहेत.