विश्लेषण : कार्यालयातले संगणक ‘व्हर्च्युअल डेस्कटॉप’वर नेण्यापूर्वी काय तपासावे?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित सपोर्ट थांबवला. ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अनेक कार्यालयांतील सुस्थितीत असलेले संगणकही एका फटक्यात जुने ठरले. सगळे संगणक नवे घ्यायचे, की जुन्याच यंत्रांवर ‘व्हर्च्युअल डेस्कटॉप’ आणायचा, असा प्रश्न सहकारी बँका, महाविद्यालये आणि मध्यम आकाराच्या कंपन्यांपुढे उभा आहे. दुसरा पर्याय आकर्षक असला, तरी त्यासाठी संस्था तयार आहे की नाही, हे आधी मोजावे लागते. ते कसे मोजायचे, याचा आढावा.

व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणजे नेमके काय?

नेहमीच्या संगणकात विंडोज, सॉफ्टवेअर आणि फाइल्स टेबलावरच्या यंत्रातच असतात. व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये हे सारे दूरच्या सर्व्हरवर चालते. कर्मचाऱ्यासमोरच्या पडद्यावर केवळ त्याचे चित्र येते आणि त्याचा कीबोर्ड व माउस यांच्या सूचना सर्व्हरकडे जातात. हे सर्व्हर संस्थेच्या स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये ठेवता येतात किंवा क्लाउड कंपनीकडून भाड्याने घेता येतात. ‘अ‍ॅमेझॉन वर्कस्पेसेस’ २०१४ पासून, मायक्रोसॉफ्टची आज ‘अझूर व्हर्च्युअल डेस्कटॉप’ नावाने ओळखली जाणारी सेवा २०१९ पासून, तर ‘विंडोज ३६५’ २०२१ पासून उपलब्ध आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र आभासी संगणक देणे किंवा एकाच मोठ्या यंत्रावर अनेकांना सामावून घेणे, अशा दोन पद्धती आहेत. पहिली महाग पण मोकळीक देणारी, दुसरी स्वस्त पण शिस्त मागणारी.

संस्थांना त्याचे आकर्षण का?

मार्च २०२० मधील टाळेबंदीत अनेक कंपन्यांना कर्मचाऱ्यांच्या घरी संगणक पोहोचवण्यासाठी धावपळ करावी लागली. ज्यांच्याकडे व्हर्च्युअल डेस्कटॉप होते, त्यांचे काम तुलनेने लवकर सुरू झाले. लॅपटॉप चोरीला गेला तरी माहिती डेटा सेंटरमध्येच राहते. शंभर यंत्रांवर स्वतंत्रपणे अद्ययावतीकरण करण्याऐवजी एका मूळ प्रतीत बदल केला की तो सर्वांना मिळतो. कंत्राटी कर्मचाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करता येतो. हे फायदे खरे आहेत. मात्र या व्यवस्थेत बिघाडही वाटून येत नाही. एक संगणक बंद पडला तर एका माणसाचे काम थांबते. मध्यवर्ती सर्व्हर किंवा शाखेची लाइन बंद पडली तर सगळ्यांचे थांबते. पूर्वतयारीची तपासणी आवश्यक ठरते ती याच कारणामुळे.

तपासणीची सुरुवात कुठून करावी?

सर्व्हरच्या दरपत्रकापासून तर नक्कीच नाही. पहिले पाऊल म्हणजे कर्मचाऱ्यांची कामानुसार विभागणी. काउंटरवर नोंदी करणारा, लेखा विभागात मोठ्या एक्सेल फाइल्स हाताळणारा, आराखडे काढणारा अभियंता आणि सतत फिरतीवर असलेला अधिकारी यांच्या गरजा वेगवेगळ्या असतात. प्रत्येक गटातील संगणकांचा प्रत्यक्ष वापर किमान महिनाभर मोजावा लागतो. त्या महिन्यात महिनाअखेर आलीच पाहिजे. बँकेत ३१ मार्चच्या आसपासचा ताण वेगळा नोंदवलेला बरा.

विभागणी चुकली तर काय होते, हे मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शक आकड्यांवरून दिसते. एका आभासी प्रोसेसरवर हलके काम करणारे जास्तीत जास्त सहा, मध्यम काम करणारे चार, तर जड काम करणारे दोनच वापरकर्ते बसवावेत, असे ही कंपनी सुचवते. म्हणजे सोळा आभासी प्रोसेसरच्या यंत्रावर हलक्या कामाचे ९६ जण बसतील, पण जड कामाचे ३२च. कागदावर ‘हलके’ म्हणून नोंदवलेले कर्मचारी प्रत्यक्षात जड काम करत असतील, तर तिप्पट यंत्रे लागतील. शिवाय सरासरी वापर फसवा असतो. सकाळी दहाच्या ठोक्याला सारे एकदम लॉगिन करतात, तेव्हा प्रोसेसरआधी स्टोरेज दम तोडते. मोजमाप त्या पंधरा मिनिटांचे हवे.

इंटरनेट किती आणि कसे असावे?

दोन गोष्टी वेगळ्या पाहाव्या लागतात : वेग आणि विलंब. सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल, तर व्हिडीओसारखी कामे वगळता कर्मचाऱ्याला फरक जाणवू नये, असे मायक्रोसॉफ्टचे मार्गदर्शन आहे. २०० मिलिसेकंदांच्या पुढे टाइप केलेले अक्षर उशिरा उमटू लागते. वेगाबाबत हलक्या कामासाठी प्रतिव्यक्ती दीड, मध्यम कामासाठी तीन आणि जड कामासाठी पाच एमबीपीएस असा अंदाज दिला जातो. मध्यम काम करणाऱ्या बारा जणांच्या शाखेला या हिशेबाने ३६ एमबीपीएसपर्यंत तरतूद लागेल. सगळ्यांचा कमाल वापर सहसा एकाच वेळी होत नाही, पण हे गृहीत न धरता तपासून पाहावे.

महाराष्ट्रातील संस्थांसाठी अंतर ही मोठी अडचण नाही. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडची केंद्रे पुणे, मुंबई आणि चेन्नईत २०१५ पासून आहेत. अ‍ॅमेझॉनचे मुंबईतील केंद्र २०१६ चे. अडचण असते ती तालुक्याच्या शाखेपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात. दोन कंपन्यांच्या दोन लाइन घेतल्या, पण दोन्ही केबल एकाच चरातून आल्या, तर रस्त्याच्या एका खोदकामात दोन्ही तुटतात. कागदावरची पर्यायी लाइन खरोखर वेगळ्या मार्गाने येते का, हे जागेवर जाऊन पाहणे तपासणीचाच भाग आहे. वीज गेल्यावर राउटर आणि स्विच इन्व्हर्टरवर चालतात का, हेही.

प्रिंटर, फॉन्ट आणि डोंगल यांचे काय?

प्रकल्प अनेकदा मोठ्या तांत्रिक कारणाऐवजी पासबुक प्रिंटरवर अडतो. सर्व्हर दूर असला तरी प्रिंटर, चेक स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन काउंटरवरच असते. ही साधने आभासी संगणकाला ‘दिसणे’ गरजेचे असते आणि काही जुन्या साधनांच्या बाबतीत ते जमत नाही. मराठी कामकाजात आणखी एक अडसर येतो. अनेक संस्थांचे जुने दस्तऐवज युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. त्यांची सॉफ्टवेअर कधी डोंगलला, कधी विशिष्ट यंत्राला बांधलेली असतात. रोज नव्या यंत्रावर बसवणाऱ्या सामायिक पद्धतीत ती चालतीलच असे नाही. त्यामुळे वापरातील प्रत्येक सॉफ्टवेअर आणि प्रत्येक साधनाची यादी करून ‘चालते’, ‘बदल करून चालेल’ आणि ‘चालत नाही’ असे तीन रकाने भरावे लागतात. ही यादी संगणक विभागाने एकट्याने केली तर अपुरी राहते. दर महिन्याला एकदाच लागणारा अहवाल कोणत्या सॉफ्टवेअरमधून निघतो, हे तो काढणाऱ्या लिपिकालाच ठाऊक असते.

सुरक्षितता आणि नियमांची स्थिती काय?

माहिती एका जागी आली म्हणजे ती आपोआप सुरक्षित होत नाही. हल्लेखोरासाठी दारही एकच उरते. २०२३ मध्ये ‘सिट्रिक्स ब्लीड’ नावाने ओळखली गेलेली त्रुटी दूरस्थ प्रवेशाच्या उपकरणांतच होती. तिच्याद्वारे सुरू असलेली सत्रे ताब्यात घेता येत असल्याने बहुस्तरीय ओळख पडताळणीही निरुपयोगी ठरत होती. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’च्या एका सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली. एकाच वेळी सर्वत्र बदल पोहोचवण्याची सोय उलटली तर काय होते, याचे ते उदाहरण. त्यामुळे मूळ प्रतीतील प्रत्येक बदल आधी थोड्या जणांवर तपासण्याची शिस्त संस्थेत आहे का, हे पाहावे लागते.

नियमांचाही विचार आवश्यक आहे. माहिती-तंत्रज्ञान सेवांच्या आउटसोर्सिंगबाबत रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये दिलेले निर्देश १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. एक हजार कोटी रुपयांहून अधिक ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका त्यांच्या कक्षेत येतात. सेवा बाहेर दिली तरी जबाबदारी बँकेचीच राहते आणि बाहेर पडण्याची योजना आधीच तयार असावी लागते, हा त्यांचा गाभा. ‘सर्ट-इन’च्या २०२२ मधील निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत द्यावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. हे लॉग कोण ठेवणार, संस्था की सेवा पुरवठादार, हे करारात स्पष्ट हवे.

खर्च खरोखर कमी होतो का?

दरवेळी नाही. जुने संगणक काही वर्षे अधिक चालतात आणि देखभालीचा त्रास कमी होतो. पण सर्व्हर, स्टोरेज, दुसरी लाइन, परवाने आणि प्रशिक्षित मनुष्यबळ यांचा खर्च वाढतो. संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना आभासी डेस्कटॉपसाठी वापरता येत नाही, हे अनेकांना उशिरा कळते. क्लाउडमध्ये रात्री बंद न केलेल्या यंत्राचे मीटरही चालूच राहते. म्हणून तुलना पहिल्या वर्षाची न करता पाच वर्षांची करावी. पुरवठादार बदलण्याची शक्यताही त्यात धरावी. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘व्हीएमवेअर’ ताब्यात घेतल्यावर महिन्याभरातच कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली. तिचा डेस्कटॉप व्यवसाय २०२४ मध्ये ‘ऑम्निसा’ नावाने वेगळा झाला. एकाच उत्पादनावर सारे कार्यालय बांधून घेताना ही अस्थिरता विसरता येत नाही.

अंतिम निर्णय कसा घ्यावा?

मोजणीनंतर प्रत्यक्ष चाचणी हवी. तीस-चाळीस जणांना दोन महिने, महिनाअखेरीसह, नव्या व्यवस्थेवर बसवावे. त्यात संगणकाची आवड असलेलेच नव्हे, तर कटकट करणारेही असावेत. त्रुटी तेच दाखवतात. लॉगिनला किती सेकंद लागावेत, दिवसाला किती तक्रारी चालतील, किती वेळ सेवा बंद राहिली तर प्रयोग थांबवायचा, हे निकष चाचणीपूर्वीच लेखी ठरवावेत. सुरू झाल्यावर ठरवलेले निकष निकालाप्रमाणे वाकतात. सकाळी दहाला पडदा कोरा दिसला तर फोन कुणाला करायचा आणि जुन्या व्यवस्थेवर किती वेळात परतता येईल, याची उत्तरेही हवीत.

तपासणीचे उत्तर सगळ्या संस्थेसाठी एकच येण्याची गरज नाही. लेखा विभाग आणि घरून काम करणारे तयार असतील, शाखांना आधी दुसरी लाइन लागेल आणि आराखडे काढणाऱ्यांसाठी साधा संगणकच बरा, असेही निघू शकते. ‘अद्याप तयार नाही’ हा निष्कर्षही वाया जात नाही. चुकीच्या यंत्रसामग्रीत पैसे अडकण्यापूर्वी आणि काउंटरसमोर रांग लागण्यापूर्वी तो हाती येतो, हीच त्याची किंमत.