अणदूरचे आमदार

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की नळदुर्गच्या थोडं अलीकडे अणदूर लागतं. तुळजापूर तालुक्यातलं हे मोठं, बाजारपेठ असलेलं गाव. मतदारसंघाला नाव तुळजापूरचं. पण 1980 पासून या मतदारसंघातून मुंबईला गेलेले दोन आमदार याच गावचे. पहिले सि. ना. आलुरे गुरुजी. दुसरे मधुकरराव देवराव चव्हाण, जे काँग्रेसच्या तिकिटावर तब्बल पाच वेळा निवडून आले आणि राज्याचे मंत्रीही झाले. मुंबई-पुण्याच्या वाचकाला चव्हाणांचं नाव चटकन आठवणार नाही. धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद, जिल्ह्यात मात्र त्यांच्या नावाशिवाय गेल्या तीस-पस्तीस वर्षांचं राजकारण सांगताच येत नाही.

या राजकारणाची जमीन आधी पाहायला हवी. हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. 13 सप्टेंबर 1948 रोजी पोलीस कारवाई सुरू झाली तेव्हा भारतीय सैन्याची मुख्य फळी सोलापूरहून याच रस्त्याने आत शिरली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग आणि बोरी नदीवरचा पूल ताब्यात आला. म्हणजे उरलेल्या देशात स्वातंत्र्याचं एक वर्ष उलटून गेलं तेव्हा कुठे इथे ते पोचलं. शाळा, दवाखाने, रस्ते, पाटपाणी या प्रत्येक बाबतीत मागे राहिल्याची जी भावना मराठवाड्याच्या बोलण्यात सारखी येते, तिचं मूळ इथपर्यंत जातं. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात सहकार रुजला, उजनीचं पाणी फिरलं. आणि सीमेच्या अलीकडचा माणूस तिकडे पाहत राहिला.

अणदूर बाहेर ओळखलं जातं ते खंडोबामुळे. इथली आणि नळदुर्गजवळच्या मैलारपूरची देवळं दोन, पण देव एकच. मूर्ती सव्वादहा महिने अणदुरात राहते आणि पावणेदोन महिने मैलारपुरात. देव नेताना दोन्ही गावचे मानकरी समोरासमोर बसतात, लेखी करार होतो, देव कधी परत द्यायचा ते ठरतं आणि मगच पालखी हलते. श्रद्धेच्या गोष्टीतही शब्द कागदावर घ्यायचा आणि तो पाळायचा, ही रीत गावाने पिढ्यान्‌पिढ्या चालवली आहे. दोन गावांत एका मूर्तीवरून किती भांडणं होऊ शकली असती याचा विचार केला की या कराराची किंमत कळते.

आलुरे गुरुजी मुळात शिक्षक. अणदूरच्या जवाहर विद्यालयाशी त्यांचं नाव असं जोडलं गेलं की आमदार झाल्यावरही लोक त्यांना गुरुजीच म्हणत राहिले. 1980 साली ते विधानसभेवर गेले. नळदुर्गच्या बालाघाट शिक्षण संस्थेच्या कामातही त्यांचा मोठा वाटा होता. 2021च्या ऑगस्टमध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या शाळेत शिकून नोकरीधंद्याला लागलेले कितीतरी जण हळहळले. इथल्या राजकारणाची एक वाट अशी शाळेतून गेली. याच गावात डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशन उभं केलं आणि खेड्यापाड्यांतल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ केलं. अहंकारी यांचं 2022 साली निधन झालं. निवडून न येताही माणूस तालुक्याचं किती काम करू शकतो, याचं हे उदाहरण चव्हाणांच्याच गावात आहे, आणि कोणत्याही आमदाराची कारकीर्द मोजताना ते बाजूला ठेवता येत नाही.

मधुकररावांची वाट वेगळी, निखळ पक्षराजकारणाची. ते पहिल्यांदा निवडून आले 1990 साली. तुळजापूर हा काँग्रेसला आंदण मिळालेला मतदारसंघ नव्हता. इथे शेतकरी कामगार पक्षाची जुनी, कसदार ताकद होती आणि शेकापचे माणिकराव खपले हे तिचं नाव. लढत गावोगाव, वाडीवाडीवर व्हायची. त्यातच जिल्ह्याचं वजन घटलेलं. ऑगस्ट 1982 मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला आणि जुन्या उस्मानाबादचा राजकीयदृष्ट्या भरभक्कम भाग तिकडे गेला. पुढे मुख्यमंत्रिपदापर्यंत पोचलेली निलंग्याची आणि बाभळगावची घराणी आता शेजारच्या जिल्ह्याची झाली. उरलेल्या जिल्ह्याला मुंबईत आवाज उठवायचा तर नव्या माणसांनाच तो काढावा लागणार होता.

त्यांच्या पहिल्याच कार्यकाळात, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. उमरगा-लोहाऱ्याकडची गावं जमीनदोस्त झाली. सास्तूर हे नाव त्या दिवसानंतर सगळ्या महाराष्ट्राला कळलं. पुढच्या निवडणुकीत, 1995 ला, राज्यभर काँग्रेसची पीछेहाट झाली आणि तुळजापूरही पुन्हा शेकापकडे गेलं.

1999 ची गोष्ट मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस काढली आणि जिल्ह्यातली मातब्बर मंडळी, तेरचे डॉ. पद्मसिंह पाटील यांच्यासह, तिकडे गेली. मूळ काँग्रेस रिकामी झाल्यासारखी वाटत होती. त्या निवडणुकीत चव्हाण काँग्रेसच्या हातावर तुळजापुरातून निवडून आले, आणि मग 2004, 2009, 2014 अशी ओळ लागली. ओळीने चौथ्यांदा जिंकले तो काळ तर देशभर मोदी लाटेचा. मराठवाड्यात काँग्रेसचे गड कोसळत असताना अणदूरचा माणूस टिकला. 1999 नंतर राज्यात दोन्ही काँग्रेस एकत्र सत्तेत बसल्या, पण जिल्ह्यात त्यांची आपसातली चुरस कधीच संपली नाही. बँक असो, कारखाना असो की जिल्हा परिषद, मित्रपक्षच समोरचा पैलवान असायचा. माझ्या मते चव्हाणांच्या सातत्याचं खरं मोल इथे आहे. लाटेवर निवडून येणारे पुष्कळ असतात. लाट उलटी असताना चार वेळा ओळीने निवडून यायचं तर गावागावांत माणसं धरून ठेवावी लागतात.

नोव्हेंबर 2010 मध्ये पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या मंत्रिमंडळात मधुकररावांकडे पशुसंवर्धन आणि दुग्धविकास खातं आलं. मुंबईच्या नजरेत हे दुय्यम खातं. कोरडवाहू तालुक्यात मात्र याच खात्यावर घरचा रोजचा खर्च चालतो. सोयाबीन, तूर, ज्वारीचा पैसा वर्षातून एकदोनदा येतो. दुधाचा पगार दहा-पंधरा दिवसांनी. सकाळी संकलन केंद्रावर किटली टेकवली की आधी फॅट लागते, मग एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक. गाईच्या दुधाला साडेतीन आणि साडेआठ हा पाया. त्याखाली एक-दोन पॉइंट घसरला की दर कापला जातो. चारा महागलेला, पेंड महागलेली, उन्हाळ्यात गाईला पाणी पुरत नाही, फॅट उतरते आणि नेमका तेव्हाच हातात येणारा पैसा कमी होतो. बाईमाणूस किटली घेऊन आलेलं असतं आणि यंत्रावरचा आकडा पाहून काही न बोलता परत जातं.

या साखळीत मंत्र्याच्या हातात काय असतं? सरकार खरेदीचा दर जाहीर करतं. पण सरकारी दूध योजना तोवर आक्रसलेली होती. आरेच्या बाटल्यांवर मुंबई वाढली तो जमाना मागे पडून संकलनाचा मोठा वाटा सहकारी संघ आणि खासगी डेअऱ्यांकडे गेला होता. सरकारने दर वाढवला तरी खासगी डेअरीने तो द्यायलाच हवा अशी सक्ती करायला साधन तोकडं. म्हणजे दुग्धविकास मंत्र्याच्या सहीचा दूधवाल्याच्या खिशावर होणारा परिणाम दरवर्षी कमी होत चालला होता, आणि नेमका तेव्हा दुष्काळी तालुक्यातला माणूस त्या खुर्चीवर बसला.

त्यात आला 2012-13 चा दुष्काळ. 1972 च्या दुष्काळात अन्न नव्हतं. या वेळी धान्य होतं, पाणी नव्हतं. जनावरांच्या छावण्या उभ्या राहिल्या, टँकरच्या खेपा सुरू झाल्या. मंत्री, जिल्ह्याचे पालकमंत्री आणि तहानलेल्या तालुक्याचे आमदार अशा तीन भूमिका तेव्हा एकाच माणसाकडे होत्या. छावणीत दावणीला बांधलेलं जनावर जगलं, ही गोष्ट लहान नाही. ज्याची बैलजोडी त्या वर्षी बाजारात कवडीमोलाने गेली त्याला ती विचारावी.

छावणीने दुष्काळ सरत नाही, हेही तितकंच खरं. धाराशिव जिल्हा दोन खोऱ्यांवर बसला आहे. तेरणा मांजरेला आणि मांजरा गोदावरीला मिळते. तुळजापूर तालुक्यातली बोरी मात्र भीमेला, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यात जाते. त्यामुळे कृष्णेच्या पाण्यात मराठवाड्याचा वाटा मागण्याचा हक्क या तालुक्याला भूगोलानेच दिला आहे. त्यातूनच कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचन योजना आली. मागणी 23.66 टीएमसीची. पहिल्या टप्प्याचं पाणी 7 टीएमसीचं. ते उजनीकडून उचलून तुळजापूरच्या रामदरा तलावापर्यंत आणायचं. हे पाणी मागणाऱ्यांच्या दोन पिढ्या झाल्या. निवडणुकांमागून निवडणुका याच आश्वासनावर लढल्या गेल्या, सगळ्याच पक्षांनी लढल्या. नळदुर्गच्या तुळजाभवानी सहकारी साखर कारखान्याचीही तीच रड. ज्या चिमणीच्या धुरावर तालुक्याचा ऊस उभा राहायचा, ती अनेक हंगाम थंड राहिली आणि शेतकऱ्याने ऊस सोलापूरकडे वाहिला.

चव्हाणांच्या कारकिर्दीचा हिशेब मला इथे मांडावासा वाटतो. पाच वेळा आमदार आणि चार वर्षं मंत्री राहिलेल्या माणसाला पाण्याचा आणि कारखान्याचा जाब विचारणं हा मतदाराचा हक्क आहे आणि ‘अधिकार माझ्या हातात नव्हते’ एवढ्यावर तो संपत नाही. पण टीएमसीचे निर्णय लवादात, नियामक मंडळांत आणि अर्थखात्यात होतात आणि तिथे धाराशिवचं बळ नेहमीच अपुरं पडलं. पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याला जे एका बैठकीत मिळालं, त्यासाठी इथे निवेदनांची चळत लागली. एका आमदाराच्या निष्ठेने हा तोल फिरत नाही. जिल्ह्याने पक्ष विसरून एकजुटीने भांडावं लागतं आणि ते घडलं नाही. याची जबाबदारी चव्हाणांवर आहे, तशीच त्यांच्या प्रत्येक विरोधकावरही आहे.

2008 च्या पुनर्रचनेत धाराशिव तालुक्याचा काही भाग तुळजापूर मतदारसंघात आला. त्याचे परिणाम 2019 ला दिसले. पद्मसिंह पाटलांचे चिरंजीव राणाजगजितसिंह भाजपमध्ये गेले आणि आपला जुना मतदारसंघ सोडून तुळजापुरात उतरले. चव्हाणांनी ऐंशी ओलांडली होती, तरी काँग्रेसने उमेदवारी त्यांनाच दिली, कारण दुसरं नाव तयारच झालं नव्हतं. सुमारे 23 हजार मतांनी ते पडले. तरीही 75 हजारांवर लोकांनी हाताला मत दिलं होतं. वीस वर्षांत पुढची फळी उभी न करणं, हे मात्र त्यांच्या आणि पक्षाच्या खात्यावर मांडावं लागेल. 2024 ला काँग्रेसने नवा उमेदवार दिला, तेव्हा त्याला नाव रुजवायला काही आठवडे होते. जागा पुन्हा भाजपकडेच राहिली.